स्टिअरिंगवरची गाठ

ड्रायरचं दार उघडलं आणि गरम कपड्यांच्या ढिगातून पहिल्यांदा हाताला लागला तो मनोहरचा रुमाल. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती. मला वाटलं, मशीनमध्ये फिरताना बसली असेल. बाह्या नाही का बाह्यांत गुंतत, तसं. मग दुसरा रुमाल निघाला, त्यालाही गाठ. मी सगळा ढीग फरशीवर उपडा केला, टॉवेल आणि मोजे बाजूला सारत गेले, आणि त्या आठवड्याचे झाडून सगळे रुमाल माझ्या मांडीवर जमा झाले, प्रत्येकाच्या कोपऱ्याला एकेक गाठ, पाण्याने आणि उष्णतेने आवळून घट्ट झालेली. बाहेर जानेवारी होता. तळघराच्या उंचावरच्या खिडकीला बर्फ टेकला होता आणि आत पांढुरका उजेड येत होता. वर जाऊन मनोहरला विचारणं हे साधं काम होतं, पण ते माझ्याने झालं नाही. मी शिवणाच्या डब्यातली जाड सुई आणली, तिथेच बसून एकेक गाठ सोडवली, रुमालांना इस्त्री केली आणि त्याच्या खणात घडी घालून ठेवून दिले. करताना मला बरं वाटत होतं. घर आवरल्यावर वाटतं तसं.

मनोहरच्या आयुष्यात गाठ वर्षाला एकच असायची. सवय त्याच्या आईची. सासूबाई नागपूरच्या, दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगायचं असो की कुणाकडे बारशाला जायचं असो, पदराच्या टोकाला गाठ मारायच्या आणि काम झालं की सोडायच्या. आम्ही दोघं पुण्याच्या एका ऑफिसात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून प्रोग्रॅम लिहायचो, त्यामुळे आमचं लग्नाआधीपासून अरे-तुरे, आणि ते सासूबाईंना शेवटपर्यंत खटकलं. तसं त्या बोलून दाखवत नसत. पण मी 'अरे मनोहर' म्हटलं की त्यांचा हात पदराकडे जायचा, जणू मला केव्हातरी सुनावायचं आहे ते त्या बांधून ठेवत होत्या. मनोहरने आईची ती गाठ रुमालावर आणली, आणि इथे ओहायोत आल्यावर ती फक्त गाडीसाठी राखून ठेवली.

गाडी म्हणजे आमची रोजची करडी नव्हे. ही दुसरी, गडद हिरवी, दोनच माणसांची, छत मागे पडणारी आणि जुनी. ग्रीन कार्डाची न संपणारी वाट एकदाची संपली आणि इथल्याच डब्लिन गावात स्वतःचं घर झालं, तेव्हा मनोहरने ती कुणा म्हाताऱ्याकडून विकत घेतली होती. मी तिला सवत म्हणायचे. मंडळाच्या गणपतीला बायका मलाच विचारायच्या, "काय शैलजाताई, सवतीला नाही आणलं?" ह्या गावात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतो, पण ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खात बसतं. म्हणून नोव्हेंबर आला की हिरवी गाडी गराजमध्ये जाते ती एप्रिलपर्यंत. तिला ठेवण्याचा मनोहरचा एक सोहळाच असतो. धुऊन, पुसून कोरडी करायची. टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल नासू नये म्हणून औषध घालायचं. टायरांत जरा जास्त हवा. बॅटरीला एक छोटा चार्जर, ज्याचा हिरवा दिवा हिवाळाभर अंधारात जळत राहतो. आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबायची, कारण थंडीत उंदीर ऊब शोधत आत शिरतात आणि संसार मांडतात. कापूस, फोम, वायर, काहीही कुरतडतात. तार मात्र त्यांच्या दातांना झेपत नाही. ही घासणी दर वर्षी माझ्या ओट्याखालच्या ड्रॉवरमधून जाते. दर वर्षी मी ओरडते, "तुझ्या सवतीला माझ्याच घासण्या लागतात का रे?" आणि तो म्हणतो, "सवत तुझी आहे, माझी नाही."

एप्रिलमध्ये गाडी चालू करण्याआधी ती घासणी आठवणीने काढावी लागते. राहिली तर इंजिन घुसमटतं, आणि तो सगळा धूर बंद गराजमध्ये, म्हणजे माणसाच्या छातीत. त्याचसाठी गाठीचा रुमाल. कव्हर चढवण्याआधी मनोहर तो स्टिअरिंगला बांधून ठेवतो. मी एकदा म्हटलं होतं, सरळ चिठ्ठी लिहून चिकटव की. तर म्हणाला, "चिठ्ठी वाचावी लागते गं. गाठ दिसली की पाय आपोआप मागे जातात."

त्या जानेवारीत, संध्याकाळी, त्याने खण उघडला तेव्हा मी पलंगावर मोज्यांच्या जोड्या लावत होते. तो बराच वेळ इस्त्रीच्या रुमालांकडे बघत उभा राहिला. मग एक उचलला आणि चारी कोपरे चाचपले.

"ह्यांना गाठी होत्या ना?"

"होत्या. मी सोडल्या. कशाच्या होत्या?"

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं. "असू दे," म्हणाला आणि खण लोटला. मला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. त्याने आठवडाभर धरून ठेवलेलं मी एका दुपारी सुईने मोकळं करून टाकलं होतं. आणि त्याहून वाईट हे, की त्यालाही ते कशाचं होतं ते माहीत नव्हतं. मी मोज्यांच्या जोड्या चुकीच्या लावल्या आणि पुन्हा उलगडल्या.

डॉक्टरांकडे आम्ही त्याआधीच जाऊन आलो होतो. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, हळूहळू वाढत जाईल, काही लोकांचं बरीच वर्षं ठीक चालतं, असं त्या म्हणाल्या. गाडी चालवण्याचं घरात बसून ठरवा, म्हणाल्या. घरात बसून काय ठरवणार? मी दिवाळीआधीचा तो शनिवार विसरू शकत नव्हते. सॉमिल रोडवरच्या इंडियन ग्रोसरीतून आम्ही निघालो, मागे पोह्यांच्या पिशव्या आणि कोथिंबीर, आणि मनोहर आमच्या वळणावरून सरळ पुढे गेला. मला वाटलं, हवा छान आहे, चक्कर मारतोय. दुकानं संपली, घरं संपली, मक्याची कापलेली शेतं लागली. मी सहज विचारलं, "कुठे चाललोय रे?" तो म्हणाला, "घरी." आणि ते त्याने इतक्या खात्रीने म्हटलं की क्षणभर मीच खिडकीबाहेर घर शोधलं. परत येताना गाडीत कोथिंबिरीचा वास भरून राहिला होता, आणि आता कोथिंबीर निवडताना मला ती शेतं दिसतात.

अनिका, आमची मुलगी, तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला असते. मी तिला हे सांगायला नको होतं, पण न सांगूनही चाललं नसतं. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते.

"आई, जस्ट टेक द कीज. प्लीज."

"अगं, तो काय लहान मूल आहे, हातातून खेळणं काढून घ्यायला?"

"दॅट्स नॉट द पॉइंट. ही कुड हर्ट समबडी. ही कुड हर्ट यू."

मनोहर दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो पुढे आला, पिठाने भरलेल्या माझ्या हाताजवळचा फोन त्याने उचलला आणि शांतपणे म्हणाला, "अनिका, एप्रिलपर्यंत थांब. तोवर करडी तुझी आई चालवेल. हिरवी मीच ठेवलीय आणि मीच बाहेर काढणार. कुणी मध्ये बोलायचं नाही, आठवण करायची नाही. एक गोष्ट जरी चुकलो, तर दोन्ही किल्ल्या आईकडे. मग वाद नाही."

"प्रॉमिस, बाबा?"

"प्रॉमिस."

इथे आल्यापासून मी टेस्टिंगमध्येच आहे. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठे पडतात ते शोधायचं, ह्याचा मला पगार मिळतो, आणि ऑफिसातली पोरं मला घाबरून असतात. आमच्या धंद्याचा पहिला धडा असा, की टेस्ट चालू असताना टेस्टरने हात लावायचा नाही. लावला तर जो निकाल येईल तो तुमचा, त्या प्रोग्रॅमचा नव्हे. हे मी नव्या मुलांना दर वर्षी सांगते. तेव्हा त्या एप्रिलच्या अटीत मला काही अवघड वाटलं नाही. मी फक्त बघायचं होतं.

हिवाळा त्या गराजमध्येच गेला म्हटलं तरी चालेल. मनोहर रोज एकदा तिथे जायचा. सिमेंटच्या जमिनीतून थंडी चपलेत शिरायची, रबराचा आणि जुन्या तेलाचा वास असायचा, आणि कव्हरखाली तो हिरवा दिवा. मी चहा घेऊन दारात उभी राहायचे. मधूनमधून आम्ही दोघं मिळून गाडी अर्धं चाक पुढे ढकलायचो, कारण एकाच जागी महिनोन्महिने उभी राहिली की टायर एका बाजूने चपटे होतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून देतात तसं ते काम. मी पार्श्वभाग लावून ढकलायचे आणि तो हसायचा. शेजारच्या देवांगने सांगितलं होतं, काका, दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवा. मनोहरला ते मुळीच पटलं नाही. ठेवली की ठेवली, म्हणाला, उगीच उठवून परत झोपवलं तर बॅटरीच जाते. "पण खरं सांगू शैलू," ढकलता ढकलता तो म्हणाला, "गाडी चालवून खराब होत नाही, उभी राहून होते." गाडीबद्दलच बोलत होता. मी मात्र त्या हिवाळ्यात त्याच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावायला लागले होते, आणि त्याने मीठ मागितलं तरी त्यात काहीतरी शोधत बसायचे. रुमालांच्या गाठी नंतर बंद झाल्या. त्याने मारणं सोडलं की मी सोडवीन म्हणून लपवून ठेवायला लागला, ते मी विचारलं नाही.

मार्च सरला. दोनतीन जोराचे पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ धुऊन जावं लागतं, त्याआधी गाडी काढायची नाही, असा त्याचा नियम. ते पाऊसही झाले. एका रविवारी सकाळी चहा पिताना त्याने खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "आज काढू." दाढी केली, आणि लग्नाला जायचं असल्यासारखा अंघोळीला गेला. वरून नळाचा आवाज सुरू झाला. मी कप विसळले. ओटा पुसला, परत पुसला. मग मी गराजमध्ये गेले, कव्हरचा मागचा काठ उचलला, सायलेन्सरमध्ये दोन बोटं घातली आणि घासणी ओढून काढली. ती थंड होती, थोडी गंजलेली, आणि बोटाला टोचली. ती मी स्वेटरच्या खिशात टाकली आणि कव्हर होतं तसं केलं. का केलं? धुराची भीती म्हणावी तर मी तिथेच उभी राहणार होते, ओरडू शकले असते. ते नव्हतं. तो किल्ली फिरवील, गाडी खोकून बंद पडेल, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे येईल ते मला बघवणार नव्हतं. मी धरूनच चालले होते की तो विसरणार. सवतीचा मत्सर मी गमतीत करत आले, पण नवऱ्यावर असा अविश्वास मी त्याआधी कधी दाखवला नव्हता.

तो खाली आला. केस ओले, अंगात तो जुना निळा शर्ट. मी आतल्या दारात उभी राहिले आणि हात स्वेटरच्या खिशात घातले. त्याने गराजचं मोठं दार वर सरकवलं, ऊन जमिनीवरून आत आलं. कव्हर त्याने मागून पुढे न काढता पुढून मागे गुंडाळत नेलं, दर वर्षी नेतो तसं. चार्जर काढला, वायरीचं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. हवा बघितली. तेलाची पट्टी पुसून, बुडवून, पुन्हा काढून उजेडात धरली. एकही गोष्ट चुकली नाही, आणि प्रत्येक गोष्टीला माझ्या खिशातली तार जड होत गेली. मग त्याने दार उघडलं आणि आत बसला. समोर स्टिअरिंगला रुमाल.

त्याने गाठीवर अंगठा ठेवला. किल्ली लावली नाही. मला त्याची मान आणि एक कान दिसत होता, आणि त्या कानामागचे पांढरे केस. बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेला. मनोहर गाठ अंगठ्याखाली फिरवत राहिला. मला सासूबाई दिसल्या, पदराचं टोक मुठीत धरलेल्या, आणि मनात आलं, आता हा वळेल आणि विचारील, शैलू, ही कशाची गं? मी उत्तर तयार ठेवलं. अगदी सहज आवाजात सांगायचं असं ठरवलं. तो वळला नाही. बराच वेळ गेला, आणि मग तो उठला, गाडीच्या अंगावरून हात फिरवत मागे आला, गुडघा टेकून खाली बसला आणि त्याने सायलेन्सरमध्ये बोटं घातली.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. आठवलं! ह्याला आठवलं! आणि तोंड उघडायच्या आत माझं मलाच कळलं. त्याची बोटं आत फिरत होती. त्याने फोनचा दिवा लावून वाकून बघितलं. परत बोटं घातली. मग तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

"घातलीच नाही वाटतं ह्या वर्षी," तो म्हणाला.

"मला पक्कं आठवतंय गं. तुझ्या ड्रॉवरमधून घेतली, तू ओरडलीससुद्धा. मी अशी पिळून घातली, हे हातालासुद्धा आठवतंय." त्याने हात पुढे धरून बघितला. "म्हणजे आता हे असं होणार. विसरण्याचं एक वेळ ठीक होतं. जे झालंच नाही ते आठवायला लागलं तर मी कशावर भरवसा ठेवू?"

तो उठला. माझ्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला. खिशातून त्याने दोन्ही किल्ल्या काढल्या, हिरवीची आणि करडीचीही. सकाळीच बरोबर घेऊन ठेवल्या असणार. हात माझ्यापुढे केला. "घे. ठरलं होतं."

घेण्याचा मोह मला झाला, हे मी नाकारत नाही. फार झाला. नुसता हात पुढे करायचा होता. अनिका निवांत झोपली असती, मक्याची शेतं परत कधी लागली नसती, रस्त्यावरच्या कुणाच्या लेकराला धोका राहिला नसता. भांडण नाही, ओढाताण नाही. त्याने आपण होऊन दिल्या असत्या. खिशातली घासणी मी संध्याकाळी कचऱ्यात टाकली असती आणि जगात कुणालाही कळलं नसतं. फक्त तो राहिलेली वर्षं स्वतःच्या हातावरसुद्धा विश्वास न ठेवता काढणार होता, आणि हे मी केलेलं असणार होतं. मी खिशातून घासणी काढली आणि त्याच्या तळहातावर, किल्ल्यांच्या वर ठेवली.

"कधी?"

"मघाशी. तू अंघोळीला गेलास तेव्हा."

"का?"

"मला वाटलं, तू विसरशील. मला तुझा चेहरा बघवला नसता रे."

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने घासणी बोटांत धरून उजेडात फिरवली, गंज बघितला.

"म्हणजे मी घातली होती."

"हो."

"आणि मला आठवलं."

"हो रे. आठवलं तुला."

"आणि तू म्हणे टेस्टर," तो म्हणाला, आणि हसला, पण डोळे पुसायला त्याने बाही वापरली. मग जाऊन गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. सवत एकदा कुरकुरली आणि सुरू झाली. तो इंजिनचा आवाज ऐकत बसला. "नदीपर्यंत जाऊ," म्हणाला, "ह्या उन्हाळ्यात तेवढंच. तू शेजारी असलीस तरच. करडीची किल्ली तू ठेव, ती मला नको. अनिकाला तू सांग, मला ते नीट सांगता येणार नाही."

दर वर्षी गाडी सुरू झाली की तो रुमालाची गाठ सोडतो आणि घाम पुसतो. ह्या वेळी त्याने रुमाल स्टिअरिंगवरून सोडवला, पण कोपऱ्याची गाठ तशीच ठेवली आणि खिडकीतून माझ्यासमोर धरला.

"हा तुझ्याकडे राहू दे. ह्याला इस्त्री नको करूस."

"कशासाठी?"

"पुढच्या एप्रिलमध्ये मी कदाचित विचारीन, ही गाठ कशाची म्हणून. तेव्हा मला सांग. सांग की ह्या वर्षी मला आठवलं होतं."

मी रुमाल घेतला. गाठ जरा सैल वाटली म्हणून एक टोक दातांत धरून ती आवळली, आणि पलीकडून वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन बसले.